चोर सापडल्यानंतरचे सहा तास

पेशवाईतल्या गावात चोरी झाली की पहिलं काम जागल्याचं, म्हणजे गावच्या राखणदाराचं. पुण्याच्या दक्षिणेला हा जागल्या बहुधा रामोशी असे, खानदेशाकडे भिल्ल. त्याने लगेच माग काढायला घ्यायचा. पावलाचा ठसा सापडला की त्याचं माप घ्यायचं आणि तोच ठसा धरून चालत राहायचं. माग शेजारच्या गावच्या शिवेवर पोचला की तिथल्या जागल्याच्या तो हवाली करायचा. मग याची जबाबदारी सुटली आणि त्याची सुरू झाली. ज्या गावात माग नक्की जाऊन थांबे, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. आधी जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेलं सगळ्या गावावर बसायचं. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ही रीत दिली आहे.

मी सरकारी वकील होते. पुण्याच्या फौजदारी कोर्टात चोऱ्यांचे खटले चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यांत मोटारीची काच फोडून बॅग पळवल्याचे खटले फार. तो अहवाल मात्र मी वाचला तो माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं म्हणून. आमची आजी रामोशाचं बलुतं कधी थकू देत नसे. गावाची झोप त्याच्या जिवावर आहे, असं ती म्हणायची. एल्फिन्स्टन वाचल्यावर मला कळलं की त्याच्या जिवावर नुसती झोप नव्हती. गावाचं नुकसानही आधी त्याच्याच पदरात पडत होतं. पूर्ण भरपाई क्वचितच मिळायची, हे एल्फिन्स्टननेच नोंदवलं आहे. मात्र हयगय झाली की दंड, कैद किंवा मार ठरलेला. गावातल्या सगळ्यात गरीब माणसावर सगळ्यात मोठा भार टाकणारी ही पद्धत होती, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला अजून मोलाची वाटते. शोधाची सुरुवात ठशापासून होत होती. कोणाचा चेहरा संशयी दिसतो, कोण परगावचा आहे, ही चौकशी त्यानंतरची.

कंपनी सरकार आलं आणि ही घडी मोडली. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचे पिढीजात हक्क गेले, त्यातून उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याखाली हळूहळू देशभरच्या अनेक जमाती जन्मानेच चोर ठरल्या, त्यांच्या हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. तोवर चार पिढ्या गेल्या होत्या. कागदावरचा शिक्का पुसला तरी पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातला पुसला गेला नाही. परका, फिरस्ता, झोळीवाला दिसला की चोर, हे समीकरण तिथून पक्कं झालं, असं माझं ठाम मत आहे.

पेशवाईतल्या शहराची गोष्ट वेगळी होती. तिथे ठसा धरून चालायला शीव नव्हती, तिथे कोतवाल होता. पुण्याचा सगळ्यात कुप्रसिद्ध कोतवाल घाशीराम. १७९१ च्या ऑगस्टमध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण त्याच्या माणसांनी धरले. धरण्याचं कारण वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं जातं. घाशीरामाच्या बागेतली कणसं की फळं त्यांनी तोडली, अशी माळ्याची तक्रार होती, ही त्यातली एक हकीकत. नक्की आहे ते एवढंच, की त्यांना रात्री एका कोंदट कोठडीत कोंबलं आणि सकाळपर्यंत त्यांतले कित्येक गुदमरून मेले. मग शहर पेटलं. नाना फडणविसांच्या वाड्यासमोर जमाव जमला, त्याने घाशीरामाला मागून घेतलं आणि गारपिरावर दगडांनी ठेचून मारलं. या घटनेवर १८६३ मध्ये कादंबरी आली, १९७२ मध्ये तेंडुलकरांचं नाटक आलं, आणि घाशीराम म्हणजे जुलूम हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. फौजदारी कामात आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र तिथे एकापाठोपाठ एक दोन गुन्हे दिसतात. संशयावरून धरलेली माणसं कोठडीत मेली, आणि त्यांना मारणाऱ्याला चौकशी न होता जमावाने मारलं. दोन्ही वेळा धरलेला माणूस धरणाऱ्याच्या ताब्यात होता आणि मधे कोणी नव्हतं.

हे ‘मधलं’ कोणीतरी असावं, यासाठीच पुढचा सगळा कायदा झटत आला आहे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी माणसांना कसं पिळलं जातं, ते त्यातून सरकारी कागदावर चढलं. त्यानंतर पाच वर्षांनी भारतीय दंडसंहिता झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. चोरीची शिक्षा कलम ३७९ मध्ये होती : जास्तीत जास्त तीन वर्षं. आता त्याच पुस्तकातलं कलम ३३० पाहा. कबुली काढण्यासाठी किंवा चोरीचा माल परत मिळवण्यासाठी कोणी दुसऱ्याला इजा केली, तर त्याला सात वर्षांपर्यंत कैद. नुसतं त्यासाठी डांबून ठेवलं, तरी कलम ३४८ खाली तीन वर्षांपर्यंत. ही कलमं फक्त पोलिसांसाठी लिहिलेली नाहीत, ती कोणालाही लागू आहेत. चोर पकडून ‘माल कुठंय, बोल’ म्हणत मारणारा माणूस कायद्याच्या लेखी चोरापेक्षा मोठा गुन्हा करत असतो. २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत ३३० आणि ३४८ या कलमांचे आकडे बदलले, शिक्षा तशाच राहिल्या. १८७२ च्या पुरावा कायद्याने आणखी एक दार लावलं : पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढाच भाग पुराव्यात येतो.

त्या काळात कोर्टच फटके देत होतं, हेही सांगायला हवं. १८६४ च्या कायद्याने चोराला तुरुंगाऐवजी फटक्यांची शिक्षा फर्मावता येई. १९५५ मध्ये ती कायमची बंद झाली. आज या देशातलं कुठलंही कोर्ट, अगदी सर्वोच्च न्यायालयसुद्धा, चोराला एक छडी मारण्याचा हुकूम देऊ शकत नाही.

मोटार या सगळ्यात फार उशिरा आली. दंडसंहिता लिहिणाऱ्यांपुढे घर होतं, तंबू होता, गलबत होतं. माणूस राहतो किंवा माल ठेवतो अशा ‘इमारत, तंबू किंवा जहाजा’तून चोरी केली, तर कलम ३८० खाली सात वर्षं. घरफोडीला वेगळी कलमं. मोटार यांतल्या कशातच बसत नाही. त्यामुळे कपाट फोडून नेलेल्या पाकिटाला सात वर्षं आणि मोटारीची काच फोडून नेलेल्या लॅपटॉपला तीन, असा हिशेब आम्ही वर्षानुवर्षं कोर्टात मांडत होतो. सोबत काच फोडल्याबद्दल नुकसानीचं कलम ४२७ लावायचं. ऐंशी-नव्वदच्या दशकात गाडीतला टेप ही चोरांची आवडती वस्तू होती. लोक गाडी लावली की टेपची पुढची पट्टी काढून खिशात घालत आणि ती घेऊनच ऑफिसात जात. मुंबईत गाडीचा आरसा किंवा चाकाची टोपी गेली, की चोर बाजारात एक चक्कर मारून ये, असं मित्र सांगत. मग टेप गाडीच्या अंगातच बसायला लागले आणि चोरांची नजर मागच्या सीटवरच्या बॅगेकडे वळली. कोणी दहा-दहाच्या नोटा रस्त्यावर टाकून ‘साहेब, पैसे पडले’ म्हणायचं, कोणी बॉनेटखालून ऑइल गळतंय असं सांगायचं, आणि कोणी गलोलीने छर्रा मारायचं.

त्या छर्ऱ्याचा पंचनामा डोळ्यांपुढे आणा. मोटारीच्या बाजूच्या काचेला तडा जात नाही, ती एकदम बारीक, बोथट कडांच्या दाण्यांत विखुरते. हे दाणे किती आत पडले आणि किती बाहेर, यावरून काच बाहेरून फुटली हे लिहून ठेवायचं असतं. छर्रा बहुतेक वेळा समोरच्या दाराच्या कप्प्यात किंवा सीटखाली सापडतो. तो कागदात गुंडाळून पाकिटात घालायचा, पाकिटाला लाखेचं सील करायचं, आणि पंचांच्या सह्यांचं लेबल आत सीलबंद राहील असं चिकटवायचं. एवढं नीट झालं की खटला उभा राहतो. माझ्या अनुभवात खटले पडायचे ते इथे : सील नाही, लेबलावर एकाच पंचाची सही, आणि दोन वर्षांनी पंच कोर्टात येऊन म्हणतो, कोऱ्या कागदावर सही घेतली होती. काचेच्या एका दाण्याने आरोपी सुटतो किंवा अडकतो. आरोपीच्या बाहीच्या दुमडीत असेच दाणे मिळाले, तर कबुलीची गरजच उरत नाही. ज्यांना वाटतं की मारल्याशिवाय चोरी उघड होत नाही, त्यांनी ती बाही आठवावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि मोटारीला पहिल्यांदा जागा मिळाली. कलम ३०५ मध्ये आता घर, तंबू आणि जहाजाबरोबर प्रवासी किंवा माल वाहून नेणारं वाहन आहे. असं वाहन चोरलं किंवा त्याच्यातून वस्तू चोरली, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. खासगी गाडी यात येते का, यावर बचाव पक्षाचे वकील भांडतील. माझ्या मते येते, कारण त्या गाडीतून माणसंच प्रवास करतात. याचा दुसरा परिणाम फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र झाली आहे. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. चांगला बदल आहे. पण वाहनातल्या चोरीला ही सवलत नाही, कारण ती वेगळ्या कलमात गेली. गाडीतून दोनशे रुपयांची चार्जिंगची वायर नेली, तरी गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

सामान्य माणसाने चोर पकडावा की नाही, याचं उत्तर यावर अवलंबून असतं. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडला, तर कोणीही नागरिक त्या माणसाला अटक करू शकतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ५९ होतं, १९७३ च्या संहितेत ४३, आणि आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४०. जुन्या कायद्यात एवढंच होतं की विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या हवाली करा. नव्या कलमात सहा तासांची मर्यादा घातली आहे. पोलिसांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला चोवीस तास, आणि तुम्हाला-मला पोलिसांकडे द्यायला सहा. माझ्या लेखी या नव्या कायद्यातली ही सगळ्यात मोलाची दुरुस्ती आहे, कारण सगळं वाईट याच तासांत घडतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोथरूडच्या शेजारच्या सोसायटीतून पहाटे फोन आला. ‘ताई, चोर धरलाय, तुम्ही येऊन सांगा काय करायचं.’ पार्किंगच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेला एक मुलगा होता. ओठ फुटलेला. भोवती नाइट-ड्रेसमधली दहा-बारा माणसं, कोणाच्या हातात चप्पल, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात मोबाइल. बॅग बाजूला पडलेली, गाडीची मागची काच गेलेली. मी पहिला प्रश्न वॉचमनकाकांना विचारला : काच फोडताना तुम्ही स्वतः पाहिलंत? ‘होय बाई, म्या पाह्यलं. बॅग काढून पळतच व्हता, मी आन् पेपरवाल्यानं धरला.’ म्हणजे अटक केली ती त्या दोघांनी. बाकीचे नंतर आलेले. दुसरा प्रश्न मुलाला : वय किती? ‘सतरा.’

‘खोटं बोलतोय,’ असं तीन-चारजण एकदम म्हणाले. बोलतही असेल. पण तो अठराच्या आत आहे असं म्हणतो आहे, तोवर त्याला पोलीस कोठडीतही ठेवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. त्याचा चेहरा प्रसिद्ध करणं हाच त्या कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर त्याचे व्हिडिओ गेले होते. मी ते काढायला लावले, दोरी सोडवली, त्याला खाली बसवून पाणी दिलं, आणि वॉचमनकाका व पेपरवाला त्याच्या दोन बाजूंना बसले. ज्यांची गाडी होती ते सद्‌गृहस्थ चिडून म्हणाले, ‘ताई, तुम्ही त्याच्या बाजूच्या की आमच्या?’ मी त्यांना सांगितलं की तुमच्याच. उद्या डॉक्टरी तपासणीत जखमा लिहिल्या जातील, आणि पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. ११२ वर फोन त्यांनीच केला.

स्वसंरक्षणाचा हक्क आहे की, असं एक तरुण तेव्हा म्हणाला. आहे, आणि तो मालमत्तेसाठीही आहे. पण तो कधी संपतो हेही कायद्यात लिहिलं आहे : चोर माल घेऊन निसटला, पोलिसांची मदत पोचली, किंवा माल परत मिळाला, की संपला. बॅग हातात आल्यावर मारलेली प्रत्येक थप्पड ही त्या हक्काच्या बाहेरची. पळून जाऊ नये यासाठी लागेल तेवढंच अडवायचं, त्याहून जास्त नाही. चोराच्या जिवावर उठण्याची मुभा फक्त जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा मोजक्या प्रसंगी, किंवा चोरीतच आपल्या जिवावर बेतेल अशी रास्त भीती असेल तेव्हा. पार्किंगमधल्या काचेला ती नाही.

यावर कोणी म्हणेल की एवढ्या थपडांनी काय होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी आले होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्यांना धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच पाचही जणांना मारून टाकलं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत सरकारांना आदेश दिले. तरी १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला चोर समजून गाडी अडवली गेली, आणि पोलीस येऊन पोचलेले असताना दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारून टाकलं. राईनपाड्याची ग्रामपंचायतीची खोली असो की गडचिंचल्याची वनखात्याची चौकी, धरलेल्या माणसाच्या आणि जमावाच्या मधे भिंत होती, पण ती राखणारं कोणी उभं राहिलं नाही. राईनपाड्याच्या खोलीबद्दल वाचलं तेव्हा मला घाशीरामाची कोठडी आठवली. फिरस्त्या समाजांकडे इतकी वर्षं ज्या नजरेने पाहिलं गेलं, ती १९५२ मध्ये कागदावरूनच गेली होती.

ज्याचा माल गेला त्याचाही विचार व्हायला हवा, कारण लोकांच्या रागाचं अर्धं मूळ तिथे आहे. चोर सापडतो, माल सापडतो, आणि मग तोच माल मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहतो. पावसात कुजणाऱ्या गाड्या कोणी पाहिल्या नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात हे थांबवायला सांगितलं : पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि वस्तू मालकाला देऊन टाका, खटल्यात फोटो वापरा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये आता त्याला मुदत आली आहे. माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं वर्णन तयार व्हायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत मालाचं काय करायचं याचा आदेश. तुमचा लॅपटॉप असा अडकला असेल तर थांबून राहू नका. गुन्हा नोंद क्रमांक, खरेदीची पावती, यंत्राचा अनुक्रमांक आणि ओळखपत्र जोडून त्या भागाच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करा. पावती हरवली असेल तर दुकानातून दुसरी प्रत मिळते, किंवा कंपनीच्या नोंदणीचा ईमेल चालतो. त्यासाठी वकील लागतोच असं नाही.